बँकॉकच्या फुटपाथवर आईचं दुकान

उल्हासनगरातून कॅमेरा घेतला तेव्हाच मी बायकोला बजावलं, बँकॉकला आपण इतरांसारखे हात पसरून फोटो काढायचे नाहीत. तिथल्या माणसांचं जगणं टिपायचं.

"टीप," ती म्हणाली, "पण गर्दीत आईंचा हात सोडू नकोस."

आई बदलापूरजवळच्या जांभूळ गावची. मी शाळेत होतो तोवर ती शेतातली काकडी-भेंडी घेऊन तिथल्या बाजारात बसायची. विमानात पहिल्यांदाच बसत होती. अंगावर हिरवी नऊवारी आणि पायात नातीचे पांढरे स्पोर्ट्स शूज.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फुटपाथवरच्या बाजारात शिरलो. मोटारसायकली, धूर, तळणीचा वास, पाय ठेवायला जागा नाही. मी खूश. त्यात एक फळवाली मला हवी तशी दिसली. डोक्यावर वेताची टोपी, पुढ्यात जांभळ्या फळांचा ढीग. मी गुडघ्यावर बसून कॅमेरा डोळ्याला लावला, तर आत नुसतं हिरवं लुगडं.

"आई, बाजूला हो ना!"

"थांब रे. चांगली फळं हिनं तळाला घातल्यात. गिऱ्हाईक थांबंल कशाला?"

आणि तिने सरळ ढीग मोडला. फळवाली भराभर थाई बोलायला लागली, आई तितक्याच जोरात मराठी. कोण काय म्हणत होतं देव जाणे, पण जरा वेळाने दोघी हसायलाच लागल्या. फळवालीने आईला आपल्या स्टुलावर बसवलं, टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि समोरच्या गाडीवर नूडल्स खायला निघून गेली.

आईने नवा ढीग रचला, पदर खोचला आणि आवाज दिला, "या ताई, ग्वाड हाय, खाऊन बगा!"

बघता बघता पर्यटक जमले. हातभर लेन्सवाल्या एका गोऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून अदबीने विनंती केली, जरा सरकता का, तुम्ही मध्ये येताय.

"ती माझी आई आहे," मी इंग्रजीत म्हणालो.

"अरे वा! किती वर्षांचं दुकान तुमचं?"

माझ्याआधी बायकोनेच उत्तर दिलं, "खूप जुनं."

त्याने माझा ईमेल घेतला आणि संध्याकाळी फोटो पाठवला. माझ्या फोटोंत लोकांच्या पाठी होत्या. त्याच्या फोटोत आई होती, हसणारी, हातात फळ, समोरच्याला आग्रह करणारी. आधी मला त्या माणसाचा राग आला. मग मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसलो. आईला बाजारात बसलेली मी कधी बघितलीच नव्हती.

तिला दाखवला तर म्हणाली, "दुकान तिचं, आन् तीच नाय व्हय यात?"

सकाळी पुन्हा तिथे जावं लागलं. आईने फळवालीला शेजारी ओढून घेतलं, दोघी ताठ बसल्या, मी फोटो काढला.

दोघींचेही डोळे मिटलेले आलेत.