दोनशे चौदा डबे

गोवर्धनच्या दुकानावर अजून 'कॉम्प्युटर दुरुस्ती' अशी पाटी आहे, पण आत मोबाइलची कव्हरं लटकतात. कुणी लॅपटॉप घेऊन आलं की तो मान वर न करता सांगतो, ते काम बंद केलं. मग लोक माझ्याकडे येतात. माझं शिलाईचं दुकान त्याच्या भिंतीला भिंत लावून आहे ना. विचारतात, साधनाताई, याचं डोकं फिरलं का? मी म्हणते, मला काय माहीत. हे साफ खोटं आहे. मला सगळं माहीत आहे आणि त्यातलं निम्मं माझ्या हातून झालेलं आहे.

गोवर्धन अंजनगाव सुर्जीकडचा, माळ्याच्या घरचा. बापाने जन्मभर मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून बाजारात नेला. याला मात्र चिखलात पाय घालायचा लहानपणापासून कंटाळा. अमरावतीला जाऊन हार्डवेअर शिकला, अकोल्यात पाच वर्षं दुसऱ्याच्या दुकानात राबला आणि मग अकोटला एसटी स्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं. बोलायला इतका संथ, की त्याचं एक वाक्य पूर्ण होईपर्यंत माझा एक ब्लाउज बेतून व्हायचा. मी त्याला तोंडावर मठ्ठ म्हणायची आणि तो हसायचा. पण हात शहाणा होता. नवं मशीन काय, कुणीही विकतं. अकोट, तेल्हारा, अंजनगाव या पट्ट्यात गोवर्धनचं नाव होतं ते जुन्या मशीनसाठी. दुसऱ्यांनी भंगारात काढलेली मशीनं तो उठवून बसवायचा.

या जुन्या लॅपटॉपचं दुखणं बहुतेक एकच असतं. सीडीचा ट्रे मोडलेला असतो आणि पेनड्राइव्हवरून तो चालू होत नाही. मग त्याच्यात जुनी विंडोज घालायची कुठून? गोवर्धनने त्यासाठी कोपऱ्यात एक मशीन कायमचं मांडलं होतं. त्यात जुनी विंडोज भरलेली. त्याच्यापासून निघालेली वायर आजारी लॅपटॉपला लावायची, लॅपटॉप चालू करायचा आणि सलाइन दिल्यासारखं सगळं त्या वायरीतून आत जायचं. कोपऱ्यातल्या मशीनला आधी जो हुकूम लिहून दिला असेल तसं ते मुकाट्याने करायचं.

सूर्यभानजी याच वायरीसाठी त्याच्याकडे आले होते. अंजनगावजवळ त्यांचं एकरभर रान, वय चौऱ्याहत्तर. एकोणीस वर्षं हा माणूस एकाच नादात होता. अळी न लागणारं वांगं काढायचं. दरवर्षी ज्या झाडाला अळी कमी लागली त्याचं बी धरायचं, दुसऱ्या चांगल्या झाडाशी त्याचा संकर करायचा, पुन्हा निवडायचं. बी राखेत घोळून छोट्या डब्यात. असे दोनशे चौदा डबे झाले होते. मैनाबाई, त्यांची बायको, प्रत्येक झाडाचं वांगं नुसत्या तेल-मिठात परतून खायच्या आणि चवीला दहापैकी गुण द्यायच्या. शेतीच्या कॉलेजातल्या एका मुलीने कधीकाळी त्यांना या सगळ्याची नोंद ठेवायला एक प्रोग्राम बनवून दिला होता आणि तो त्या जुन्या विंडोजवरच चालायचा.

आता त्यांचा हेका ऐका. आमच्याकडे माळ्याच्या घरी कुणी बी मागितलं तर नाही म्हणत नाहीत. दारात आलेल्याला चिमूटभर का होईना देतात. सूर्यभानजींना नाही म्हणता येत नव्हतं आणि द्यायचंही नव्हतं. म्हणून त्यांनी डब्यांवर नुसते आकडे घातले. कोणता डबा कोणत्या झाडाचा, त्याचे आईबाप कोण, अळी किती, चव किती, सगळं फक्त लॅपटॉपमध्ये. जुन्या वह्या चुलीत घातल्या. कुणी बी मागायला आलं की बाजारातलं बी हातावर ठेवायचं. मीसुद्धा एकदा गमतीने मागितलं होतं, तर मलाही तेच दिलं. घरी कुंडीत लावलं आणि पहिल्याच वांग्यात अळी निघाली. गोवर्धन दोनदा म्हणाला होता की काकाजी, याची एक कॉपी काढून ठेवू. ते म्हणाले, कॉपी म्हणजे दुसऱ्याच्या हातात चावी.

मागच्या उन्हाळ्यात लॅपटॉप निळा पडदा दाखवून थांबला, तोही अशा वेळी की वाण त्यांच्या नावावर नोंदवायचा अर्ज भरायला तीन आठवडे उरलेले. अर्जाला सगळी वंशावळ जोडायची होती. वाणाचं नावही ठरलं होतं, मैना. तेव्हा कुठे ते कॉपीला तयार झाले. गोवर्धन म्हणाला, डिस्क बाहेर काढून आधी सगळं उतरवून घेऊ, मग नवीन विंडोज भरू. डिस्क जुन्या पद्धतीची, तिला दुसऱ्या मशीनला जोडायची पिन त्याच्याकडे नव्हती. ती आणायला तो मंगळवारी सकाळी अकोल्याला गेला.

जाण्याआधी त्याने लॅपटॉप वायरीला लावला. सुरुवात वायरीतूनच होईल अशी त्यात सेटिंग केली आणि पुढे काही सुरू व्हायच्या आत लगेच बंद केला. आल्यावर वेळ जायला नको म्हणून. त्याची ही सवयच. दुसरी सवय म्हणजे चिकटपट्टीवर 'हात लावू नये' असं लिहून झाकणावर चिकटवायची. तीही चिकटवली. किल्ली नेहमीप्रमाणे माझ्याकडे ठेवली आणि गेला.

कोपऱ्यातल्या मशीनला मात्र आदल्या दिवशीचाच हुकूम होता. एका शाळेचे चाळीस कॉम्प्युटर त्याने उरकले होते. शाळेने सांगितलं होतं की जुनं सगळं समूळ पुसून मगच विंडोज घाला. म्हणून हुकूम असा होता, की वायरीला जो लागेल त्याची डिस्क पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत पुसायची, मग विंडोज भरायची आणि मध्ये कुणाला काही विचारायचं नाही. पिन आणल्यावर, कॉपी झाल्यावर, तो हा हुकूम बदलणार होता.

दुपारी एकच्या एसटीने सूर्यभानजी आले. घरी जीव लागेना म्हणून आले होते. उन्हाने तोंड काळंठिक्कर पडलेलं. मी पाणी दिलं, दुकान उघडून पंख्याखाली बसवलं. ते लॅपटॉपकडेच बघत बसले. चिकटपट्टी मी पाहिली. पण गोवर्धनच्या चिकटपट्ट्या मी सहा वर्षं पाहत आले होते, इस्त्रीपासून पाण्याच्या जारपर्यंत सगळीकडे असायच्या. म्हातारा माणूस इतक्या लांबून आलाय, निदान चालू होतो एवढं तरी त्याला दिसू दे, असं माझ्या मनात आलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी झाकण उघडलं, तशी पट्टी मागच्या बाजूला गेली. मी बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, मग एक आडवी पट्टी आणि तिच्याखाली आकडा. एक टक्का. दोन टक्के.

"येऊन राह्यलं," सूर्यभानजी म्हणाले. "साधनाबाई, पाहा, भरून राह्यलं ते."

मलाही तसंच वाटलं. देवाशपथ सांगते, मला आनंद झाला. पाऊण तास आम्ही दोघं त्या आकड्यासमोर बसून होतो. मी चहा मागवला. चाळीस टक्के झाले तेव्हा ते मैनाबाईच्या गुणांबद्दल सांगत होते. सत्तावन्न नंबरला तिने दहापैकी दहा दिले होते, आयुष्यात एकदाच. सत्तर टक्के झाले तेव्हा त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. शंभर झाल्यावर पडदा निळा झाला, जुन्या विंडोजचं नाव आलं, आणखी अर्ध्या तासाने ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं. त्यांनी ते ओळखलं. इतकी वर्षं रोज बघितलेलं चित्र. त्यांनी लॅपटॉपला हात जोडले.

चारच्या सुमारास गोवर्धन आला. हातात पिनची पिशवी. त्याने दारातूनच ती टेकडी पाहिली आणि तिथेच उभा राहिला. मी हसत म्हणाले, बघ, तुझं काम आम्हीच केलं. तो सरळ आत आला. खुर्चीवर बसला, डिस्क उघडून पाहिली, पुन्हा पाहिली. मग कोपऱ्यातल्या मशीनकडे गेला आणि तो हुकूम वाचत राहिला, जणू त्यात काही वेगळं लिहिलेलं निघेल.

"काकाजी," तो म्हणाला, "सगळं गेलं. माह्या चुकीनं गेलं. वायर लावून मी असं जायले नोको होतं."

सूर्यभानजींना कळेना. समोर टेकडी तर दिसत होती. विंडोज आली म्हणजे नोंदीही आल्या, असंच त्यांना वाटत होतं. गोवर्धनने त्यांना तीनदा समजावलं. तिसऱ्या वेळी ते मला म्हणाले, तुम्हीच म्हणाल्या ना, भरून राहिलं? मी म्हणाले नव्हते, ते म्हणाले होते. पण मी गप्प बसले. बटण मी दाबलं हे मी तेव्हाच मोठ्याने बोलायला हवं होतं. गोवर्धनने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्याने आजपर्यंत ते कुणाला सांगितलेलं नाही. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

नऊ दिवस त्याने त्या डिस्कमध्ये शोधलं. अमरावतीला नेली, नागपूरला पाठवली. सगळ्यांनी एकच सांगितलं, पुसलं ते नीट पुसलंय. त्याचं काम तो नीटच करायचा. अर्जाची तारीख निघून गेली.

दहाव्या दिवशी गोवर्धनबरोबर मीही अंजनगावला गेले. फळीवर दोनशे चौदा डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर खडूचा आकडा. मैनाबाई खाली बसल्या होत्या. सूर्यभानजी सत्तावन्नचा डबा हातात धरून म्हणाले, याच्या चवीचं तेवढं आठवते, पण याचे मायबाप कोण ते आठवत नाही. मैनाबाई कोणाकडेच न पाहता बोलल्या.

"एकोणीस वर्सं मी वांगी खाल्ली. मले एकाची बी चव सांगता येत नाही आता. काहून खाल्ली मंग?"

गोवर्धन बाहेर जाऊन बांधावर बसला.

त्यानंतर त्याने कोपऱ्यातलं मशीन भंगारात दिलं. दर रविवारी पहिल्या एसटीने तो अंजनगावला जायचा. चिखलाचा कंटाळा असलेला माणूस गुडघाभर गाळात उतरून वाफे करायचा, प्रत्येक डब्यातलं बी वेगळं पेरायचा, काडीला आकडा बांधायचा. सगळं पहिल्यापासून लावून पाहायचं, अळी मोजायची, पुन्हा ओळख पटवायची, असं त्याच्या डोक्यात होतं. मी हिशेब सांगितला, की बाबा, याला दहा वर्षं लागतील आणि काकाजी चौऱ्याहत्तरचे आहेत. तो म्हणाला, माहीत आहे. जुनं बी बहुतेक मेलेलं होतं. दोनशे चौदांपैकी त्रेसष्ट उगवले. सत्तावन्नच्या वाफ्यात काहीच आलं नाही. तो वाफा त्याने तीनदा पेरला. दिवाळीनंतर सूर्यभानजींनीच त्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

मागच्या महिन्यात ते अकोटला आले. गोवर्धनच्या दुकानासमोरून गेले, आत गेले नाहीत. माझ्याकडे आले, पिशवीतून एक डबा काढून शिलाई मशीनवर ठेवला. गावात आता कुणीही बी मागायला आलं की ते फळीकडे हात करतात आणि कोणताही डबा ने म्हणतात. अर्धी फळी रिकामी झालीय म्हणाले.

"तुमी मांगितलं होतं न मांगं," ते म्हणाले. "तवा मी तुमाले बजारातलं देलं होतं. हे घरचं हाये."

मी घेतला. आमच्यात बी मागितलं तर नाही म्हणत नाहीत, आणि दिलं तर नको म्हणत नाहीत. ते पाच मिनिटं बसले, पाणी प्यायले. तेव्हा तरी मी सांगायला पाहिजे होतं, की सूर्यभानजी, बटण मी दाबलं होतं, तुमच्यासमोर, तुम्हाला खूश करायला. ते तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तरी त्या बटणावरून त्यांनी एकदाही मला बोल लावला नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. त्यांची एसटी लागली, ते गेले.

डब्यावर एकशे नव्वद असा आकडा आहे. भिंतीपलीकडे गोवर्धन कुणाच्या तरी मोबाइलला काच चिकटवत असतो, ते ऐकू येतं. डबा मी अजून उघडलेला नाही.