शनिवारचा साडेदहाचा कॉल

आधीच सांगतो, भुताटकीच्या अनुभवांच्या या पानावरचा तो खडूस माणूस मीच. कोणी ‘छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं’ असं लिहिलं की खाली ‘पित्त झालं असेल, कोकम सरबत घ्या’ अशी कॉमेंट टाकणारा. कामही तसलंच – जर्मनीत कार्ल्सरूहेला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. “होतं असं कधी कधी” हे उत्तर मी ऑफिसात कुणाचंच ऐकून घेत नाही. तर अशा माणसावर आज इथे लिहायची वेळ आलीये... हसा खुशाल.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे दर शनिवारी सकाळी साडेदहाला चिंचवडहून व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे दुपारचे दोन, आई-बाबांची जेवणं आटोपलेली. मी आणि माझी बायको केतकी इथे आल्यापासूनचा हा नेम. बाबा वर्कशॉपमध्ये फोरमन होते, बोलणं अगदी मोजकं. पहिला प्रश्न ठरलेला – “मग? काय ठरलं?” म्हणजे आम्ही पुण्याला परत येणार की इथलेच होणार. मी दर वेळी काहीतरी थाप मारायचो. प्रोजेक्ट, व्हिसा, केतकीची नोकरी... एका शनिवारी मात्र ते उखडले.

“हो की नाही, एक काय ते सांग. नाही म्हणालास तरी मी काही मरत नाही. पण हे टांगून ठेवणं पुरे झालं. पुढच्या शनिवारी मला उत्तर पाहिजे.”

“सांगतो बाबा,” मी म्हटलं.

म्हटलं खरं, पण तो शनिवार जवळ येऊ लागला तशी माझी पाचावर धारण बसली. माझ्याकडे उत्तरच नव्हतं हो! ‘नाही’ असतं तरी धीर करून सांगितलं असतं.

मग शुक्रवारी संध्याकाळी मी केतकीला म्हटलं, उद्या हायडेलबर्गला जाऊ. दिवसभर. फक्त आपण दोघं, आणि फोन दोघांचेही घरी ठेवायचे. लग्नाचा वाढदिवस आदल्याच आठवड्यात मी कामाच्या नादात साफ विसरलो होतो, त्यामुळे कारण आयतंच मिळालं. ती माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, “ताप नाहीये... आल्झो, सुचलं म्हणायचं एकदाचं!” ‘आल्झो’ म्हणजे ‘तर मग’, इथलं हे तिच्या तोंडात बसलेलं. तिला बिचारीला काय माहीत की मी वडिलांपासून पळतोय. आईला मेसेजसुद्धा केला नाही. अर्जंट काम आलं होतं, असं संध्याकाळी ठोकून देऊ म्हटलं.

सकाळी दोन्ही फोन किचनच्या ड्रॉवरमध्ये टाकले, दाराला किल्ली फिरवली – किल्ल्या दोनच, एक माझ्या खिशात, एक तिच्या पर्समध्ये – आणि आठच्या सुमाराची गाडी पकडली. दहाच्या आत आम्ही डोंगरावरच्या किल्ल्यात होतो. खाली गावाची लाल छपरं, नेकार नदी, तो जुना पूल... केतकी नुसती खुलली होती. कठड्याला टेकून मला पुलावरची माणसं दाखवत होती. “फोन नाही तर तू चक्क माझ्याकडे बघतोयस,” असंही ऐकवून झालं.

मी मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होतो. साडेदहा. आता चिंचवडला टॅब उघडला असेल. आता रिंग जात असेल. आणि एकदम माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वाईट वाटून येतं तसं नाही... मला काही वाटतच नव्हतं! आतून रिकामा, आणि डोळे नुसते वाहतायत. मी बाकावर बसलो.

“अय्या, एवढं प्रेम उतू चाललंय?” केतकी हसली. मग चेहरा बघून घाबरली. “काय होतंय? बोल ना.”

बोलता येईना. घशातून आवाजच फुटेना. सव्वाअकराच्या सुमाराला कुठे बोलता आलं, तेव्हा घसा पार बसलेला होता, सलग तासभर बोलल्यासारखा. आणि सकाळपासून मी चार वाक्यंसुद्धा बोललो नव्हतो. फुलांचे परागकण सगळीकडे उडत होते, तेव्हा ॲलर्जी म्हणून मी विषय मिटवला. केतकीने खाली फार्मसीतून चघळायच्या गोळ्या आणल्या. बाकीचा दिवस तसा छान गेला. पूल झाला, नदीकाठी केक झाला. “किती वर्षांनी असा दिवस मिळाला रे,” ती म्हणाली आणि मला स्वतःची लाज वाटली.

पाचच्या आसपास घरी आलो. फोन उचलला नाही की बाबा पाच-सहा वेळा तरी लावणारच, म्हणून ड्रॉवर उघडून आधी तेच बघितलं. पण एकही मिस्ड कॉल नाही! म्हटलं, रागावले. लगेच फोन लावला. आईने घेतला.

“अरे, परत? काही राहिलं का सांगायचं?”

“परत म्हणजे?”

“आणि घसा बघ कसा बसलाय बोलून बोलून. गुळण्या कर. तो राखाडी टी-शर्ट टाकून दे आता, खांद्यावर भोक पडलंय. सकाळीच सांगणार होते, पण यांनी मला बोलू दिलं तर ना! एवढ्या उन्हात टॅब घेऊन गॅलरीत गेले आणि दार लावून घेतलं. चांगला पाऊण तास. बाहेर आले ते डोळे पुसतच. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, झालं आमचं बोलणं.”

फोन स्पीकरवर होता. केतकी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

“आई... मी होतो? तुला दिसलो?”

“म्हणजे काय! तुझ्या किचनमध्ये. केतकी मागे चहा करत होती, मला हात केला तिने. बरं वाटत नाहीये का तुला?”

“बाबांना दे.”

“जेवून लगेच झोपले. आज कसे शांत आहेत बघ. उठवू नको आता.”

फोन ठेवला आणि कॉलची यादी उघडली. सकाळी १०:३१, आलेला व्हिडिओ कॉल, ४३ मिनिटं. आणि राखाडी टी-शर्ट बाल्कनीत स्टँडवर होता, शुक्रवारी मी वाळत घातला तसाच, चिमट्यांसकट.

पुढचा आठवडाभर मी जे जे तपासता येईल ते तपासलं. लॅपटॉपवर, दुसऱ्या कुठल्या डिव्हाइसवर कुणी लॉगइन? नाही. कुलूप? जसंच्या तसं. तुम्ही म्हणाल हल्ली खोटे व्हिडिओ बनवता येतात. येतात ना, माझ्याच धंद्यातली गोष्ट. पण कोण बनवेल? कशासाठी? आजतागायत कुणी आमच्याकडे काही मागितलेलं नाही. आणि घसा माझा का बसला?

केतकीला सगळं सांगावं लागलं. ती भुतापेक्षा माझ्यावरच जास्त भडकली.

“म्हणजे मी तुझं निमित्त होते! आणि मी वेडी दिवसभर खूश.” मग थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “बाबांना खरं सांगून टाक. आजच्या आज.”

नाही सांगितलं. पुढच्या शनिवारी साडेदहाला बाबा स्क्रीनवर आले आणि जन्मात पहिल्यांदा ‘काय ठरलं’ न विचारता म्हणाले, “कसा आहेस रे?” हवापाण्याच्या गप्पा मारल्या. केतकीच्या ऑफिसची चौकशी केली. चक्क हसले. मी तोंड उघडलं असतं तर ते हसू गेलं असतं. मी भित्रा आहे, काय करू... म्हटलं, पुढच्या शनिवारी हळूच काढून घेऊ त्यांच्याकडून, काय बोललो होतो ते. असे पाच शनिवार गेले. सहावा आलाच नाही. शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता बाबा गेले. हार्ट ॲटॅक.

तेराव्यापर्यंत मी चिंचवडला होतो. घरात मागची खोली रिकामी केलेली, ताजा रंग दिलेला. “त्या कॉलनंतर दोन दिवसांनी रंगारी बोलावला यांनी,” आई म्हणाली. म्हणजे मी ‘येतो’ म्हणालो होतो! नुसता ढसाढसा रडलो. पण मग कपाटात त्यांची कागदपत्रं लावताना पासपोर्टचे दोन नवे अर्ज सापडले, त्यांच्या अक्षरात भरलेले, वर दोघांचे ताजे फोटो टाचलेले. म्हणजे मी ‘तुम्हीच इकडे या’ म्हणालो होतो? की आणखीच काही? ज्यानं माणसाला इतका निवांतपणा मिळावा असं काय बोललो मी? बोललो म्हणजे – ते जे कोण बोललं ते.

निघायच्या दिवशी आई दारापर्यंत आली.

“त्या दिवशी तू यांना जो शब्द दिलास ना, तेवढा पाळ,” ती म्हणाली. “काय ते मला सांगू नकोस. तुमच्या दोघांतलं आहे ते. पण पाळ.”

केतकीने माझा दंड घट्ट धरला. आत्ता सांग, आत्ता सांग, असं तिची बोटंच म्हणत होती.

“हो आई,” मी म्हटलं आणि पाया पडलो.

त्याला आता कित्येक महिने झाले. इथे खूप वाचणारे, जाणकार लोक आहेत, कुणाला यातलं काही कळत असेल तर जरूर लिहा. मला अजून काहीच कळलेलं नाही. ते कोण होतं हा प्रश्न तर मी कधीच सोडून दिलाय. माझ्या बापाला मी काय शब्द दिला, तेवढं फक्त कुणीतरी मला सांगा.