फाटकासमोरची खुर्ची

माझ्या आत्याला सगळे कात्री म्हणायचे. नाव बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं ठेवलेलं. ते हातावरून ठेवलं की जिभेवरून, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही.

आत्या केस कापायची. उमेदीची सगळी वर्षं तिनं दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या आरशासमोर उभं राहून काढली. मग तिचं एक जुनं गिऱ्हाईक, निवृत्त बँडमास्तर, घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडून घरीच बसले. सुट्टीच्या दिवशी आत्या त्यांच्या घरी जाऊन केस कापून आली. मास्तरांनी हातातला आरसा किती तरी वेळ खाली ठेवला नाही म्हणे. "माणूस आजारी पडला की घरचे औषध देतात, खायला देतात. पण त्याचे केस वाढलेत हे कुणाच्या लक्षात येत नाही," असं ती आम्हाला सांगत होती, आणि सांगता सांगताच तिनं दुकान सोडायचं ठरवलं. तेव्हापासून ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशांकडेच ती जायची.

हा धंदा खांद्यावरचा होता. घडीची खुर्ची, पलंगावर निजल्या निजल्या केस धुता येतील असं रबरी घमेलं, टॉवेलांचा गठ्ठा, तांब्या, कात्र्यांची पेटी. हे सगळं घेऊन ती बसमध्ये चढली की कंडक्टर विचारायचा, "काय ताई, घर बदलताय?" पुढं पुढं तिची पाठ धरायला लागली. पन्नाशी उलटल्यावर ती गाडी चालवायला शिकली. शिकवणारा मुलगा घाबरायचा, ही नाही. परवाना मिळाला तशी ती गाडी बघायला लागली. नवी परवडणारी नव्हती, मग जुनी.

"जुनी गाडी घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं," बाबा म्हणाले. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. चूक शोधणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता आणि घरी आल्यावरही तो थांबत नसे.

"दादा, तुला नव्या वहीतसुद्धा खाडाखोड दिसते," आत्या म्हणाली आणि एकटीच गेली.

मोठ्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचं एक आवार होतं. लोखंडी फाटक, आत ओळीनं उभ्या केलेल्या चकचकीत गाड्या. मालक गोडबोल्या. गडद हिरव्या गाडीवर आत्याचा जीव जडलाय हे त्यानं लांबूनच ओळखलं. गाडीत शिरताच फुलांच्या अत्तराचा घमघमाट आला.

"काही लपवलेलं नाही ना?" आत्यानं सरळ विचारलं.

"ताई, सख्ख्या बहिणीला दिली असती अशी गाडी आहे," तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

आत्यानं सही केली.

पहिला आठवडा ती हवेत होती. मग अत्तराचा वास विरला आणि खालून दुसराच वास वर यायला लागला. ओला टॉवेल बादलीत विसरून राहिला की येतो तसा, कुबट. डावीकडे वळायचा दिवा लावला की काच पुसायचे दांडे नाचायला लागायचे. एका अर्धांगवायू झालेल्या आजींच्या खिडकीखाली गाडी उभी केली तर भोंगा आपोआप वाजायला लागला आणि काही केल्या थांबेना. वरून आजींच्या सुनेनं ओरडून विचारलं, "अहो, येतोय म्हटलं ना, एवढी घाई कसली?" शेवटी एका चौकात ऐन गर्दीत गाडी बंद पडली आणि मागच्या लोकांनी आत्याचा उद्धार केला.

तिनं गाडी आमच्या शेजारच्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी इंजिनाकडे बघितलंच नाही. आधी नाक आत घातलं, मग पायाखालचं कापड उचकटलं. खाली वाळलेल्या गाळाचा थर. बसायच्या जागेखालच्या पट्ट्या गंजून लाल. मग त्यांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून बाहेर काढला. एरवी आत गुंडाळून राहणारा पट्टा. त्याच्या टोकाला मळकट तपकिरी डाग होता, आणि तो एका ठिकाणी रेघ मारल्यासारखा संपत होता.

"इथवर पाणी," मिस्त्री म्हणाले. "पुरात बुडालेली गाडी आहे. वरून धुतलीन पुसलीन, पण हा पट्टा ओढून बघायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. तारांना गंज चढलाय, कात्रीताई. आज भोंगा, उद्या ब्रेक."

आत्यानं पट्टा हळूहळू आत जाऊ दिला. घरी बाबा 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत, ही त्यांची मोठीच माया.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन आवाराकडे निघाली. फाटकाच्या जरा अलीकडे, रस्त्याकडेच्या गाड्या लावायच्या जागेत गाडीनं मान टाकली, ती कायमचीच. मालक बाहेर आला. आज "ताई" नव्हतं.

"तुम्ही बघून घेतलीत. जशी आहे तशी, असं कागदावर आहे, खाली तुमची सही. आता मी काय करू?"

"मी विचारलं होतं तुम्हाला. तोंडावर विचारलं होतं."

"विचारलं असेल."

"तुमची सख्खी बहीण कुठे असते? तिला बसवून बघा यात."

तो पाठ फिरवून आत गेला. आत्या घरी चालत आली. येताना तिचे डोळे भरून येत होते आणि ती ते येऊ देत नव्हती. आल्यावर ती स्वयंपाकघरात भांडी आदळायला लागली, आणि भांडी आदळता आदळता एकदम शांत झाली. शांत आत्या म्हणजे फार वाईट लक्षण.

दुसऱ्या सकाळी तिनं गिऱ्हाइकांना फोन लावले. "माझी गाडी हलत नाहीये. मला यायला जमणार नाही. मी मोठ्या रस्त्यावर, जुन्या गाड्यांच्या फाटकासमोर आहे."

"तू हलत नाहीस तर मी हलतो," बँडमास्तर म्हणाले. पडल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

गाडीच्या शेजारी, फुटपाथ रुंद होता तिथं, झाडाच्या सावलीत आत्यानं खुर्ची मांडली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट ठेवली. गाडीच्या टपावर टॉवेल, बॉनेटवर कात्र्यांची पेटी. बँडमास्तरांना त्यांची सून चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. गळ्याभोवती कापड बांधल्यावर मास्तरांनी मान वर करून झाडातून येणारं ऊन बघितलं आणि म्हणाले, "सावकाश काप. मला घाई नाही."

मग एकेक जण यायला लागले. कुणाला मुलानं आणलं, कुणी काठी टेकत टेकत आलं. भोंगा ऐकणाऱ्या आजींना दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं. वर्षानुवर्षं छताकडे बघत पडलेली ही माणसं. रस्त्यावर येऊन बसली तशी त्यांना वाचा फुटली. केस कापून झाले तरी कुणी घरी जाईना.

आता जुन्या गाड्यांच्या फाटकासमोर म्हाताऱ्यांचा मेळा का भरलाय, हे गाडी घ्यायला आलेला माणूस विचारणारच. आत्या कात्री न थांबवता सांगायची, "ही गाडी इथूनच घेतली. पुरातली निघाली. तुम्ही आत जाताय ना? जा की. फक्त सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा." एवढंच. ना शिवी, ना शाप.

आणि लोक आत जाऊन तेच करायला लागले. मी त्या दिवशी बाबांबरोबर तिला घरी न्यायला गेले होते. फाटकातून बघते तर काय, आवारात सगळीकडे माणसं गाड्यांत अर्धी वाकलेली, नि सर्र सर्र पट्टे ओढतायत. मालक एका गाडीकडून दुसऱ्या गाडीकडे धावतोय. आणखी काही पट्ट्यांची टोकं तपकिरी निघाली. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अहो, ही पण पोहून आलीये!" आणि बाहेर बँडमास्तर असे हसले की आत्याला कात्री बाजूला घ्यावी लागली.

मालक फाटकात आला. "पोलिसांना बोलवू का?"

"बोलवा ना. त्यांचेही केस वाढले असतील," आत्या म्हणाली.

त्यानं खरंच बोलावलं. हवालदार आला, माणसांना जायला वाट आहे का ते बघितलं, गाडी नेमलेल्या जागेत आहे का ते बघितलं. "तक्रार काय आहे नक्की?" त्यानं मालकाला विचारलं. मालकाला ती काही शब्दांत मांडता येईना. हवालदारानं जाता जाता स्वतःच्या कल्ल्यांवरून हात फिरवला, पण कर्तव्य आड आलं.

दुपारपर्यंत आवार ओस पडलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी मालकाची गत झाली. तो आत्यासमोर येऊन उभा राहिला. "काय पाहिजे तुम्हाला?"

"आधी बसा," आत्यानं खुर्ची झटकली. "उभ्या माणसाशी बोलायची मला सवय नाही."

तो बसला. आत्यानं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, जरा घट्टच. मानेवरचे केस कंगव्यानं वर घेतले.

"केसानं गळा कापतात असं ऐकलं होतं," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "पण केस हा धंदा माझा ना हो? तुम्ही कशाला त्यात पडलात?"

म्हातारेकोतारे सगळे माना पुढं काढून ऐकत होते. मालकाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"गाडी बदलून देतो."

"मिस्त्री निवडतील ती." कच्, कच्.

"मिस्त्री निवडतील ती," तो म्हणाला.

"आणि आत ज्या बुडालेल्या आहेत, त्यांच्या काचेवर तसं लिहायचं. ज्याला घ्यायची तो डोळे उघडे ठेवून घेईल."

"ताई, मग त्या कोण घेणार?"

"मान हलवू नका," आत्या म्हणाली. "कान जाईल."

त्यानं मान न हलवता आवारातल्या गाड्यांवरून नजर फिरवली. कात्री चालूच होती. शेवटी म्हणाला, "लिहितो."

आत्यानं त्याचे केस मन लावून कापले. मागून आरसा धरून दाखवला. आमच्या आत्याचं हे एक आहे, राग कुणावरही असो, कामात खोट नाही. तो वेगळाच माणूस दिसायला लागला. त्यानं नकळत मान डावी-उजवी वळवून बघितली आणि मग ओशाळून उठला.

आत जाऊन त्यानं काचेवर लावायच्या पहिल्या पाटीवर खडूनं लिहिलं, 'थोडे पाणी लागलेली'. बाबा इतका वेळ नुसते उभे होते. आता त्यांच्यातला मुद्रितवाला जागा झाला. ते पुढं झाले. "लागलेली नव्हे, बुडालेली. आणि 'थोडे' काढा." मालकानं खडू त्यांच्याच हातात दिला. मग बाबांनी सगळ्या पाट्या स्वतः लिहिल्या, सुवाच्य, ठसठशीत अक्षरात, आणि एका पाटीसमोर मागे सरकून उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं समाधान होतं.

"कात्रे," ते बहिणीला म्हणाले, "आज तू एक तरी चूक केलीस का, हे मी शोधतोय."

"सापडली?"

"नाही सापडली."

मिस्त्रींनी निवडलेली गाडी दिसायला काही खास नव्हती. बुटकी, राखी रंगाची, एक दार जरा पोचा आलेलं. तिला अत्तर नव्हतं. आत्या किल्ली फिरवून बसली, इंजिन एका दमात सुरू झालं, आणि फुटपाथवरून टाळ्या वाजल्या. कुणी काठी आपटली, कुणी नुसतेच हात वर केले. आत्यानं डावीकडचा दिवा लावला. डावीकडचाच दिवा लागला.

त्यानंतर ती गिऱ्हाइकांना फोन करून आधी विचारायला लागली, "घरी कापायचे की बाहेर?" बहुतेक सगळे बाहेर म्हणत. ती एकेकाला गाडीत घालून तळ्याकाठी न्यायची आणि तिथं कापायची. एकदा मीही सोबत होते. मागं एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, आजारपणानं आवाज पार बारीक झालेल्या. केस कापून झाले, कापड झटकलं, आत्यानं त्यांना हात धरून गाडीत बसवलं. त्यांनी काच खाली करायला सांगितली. वाऱ्यानं ते आखूड पांढरे केस उभे राहिले आणि त्या ते हातानं चाचपत हसत राहिल्या.

"घरी?" आत्यानं विचारलं.

"इतक्यात?" बाई म्हणाल्या. "हा रस्ता पुढं कुठं जातो?"

"मलाही ठाऊक नाही," आत्या म्हणाली आणि तिनं गाडी गियरमध्ये टाकली.