आमच्या वर्कशॉपातलं बॉम्बर

आमच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी रोज साचतात, लाकडाचा भुसा आणि किस्से. भुसा निदान पोत्यात भरून कुणीतरी घेऊन जातं. किस्से कोण नेणार? ते माझ्याकडेच पडून राहतात. मैत्रिणी म्हणतात, "सांग ना गं त्या विमानाचं!" आणि मग एका विमानाच्या मागे सगळं वर्कशॉपच बाहेर येतं.

कनेरगाव नाक्याच्या रोडवर आमचं डेकोरेशनचं वर्कशॉप आहे. लग्नाचे स्टेज, कमानी, देखावे. मालक रशीदचाचा, सुतार शंकरदादा आणि कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारी मी. बी.एस्सी. झालेली, सेनगावची, आणि टाचणी पडली तरी दचकणारी!

*

पहिल्याच दिवशी मी नुकसान केलं.

शंकरदादांनी कॉम्प्रेसर सुरू केला. तो "फट्ट्" करून असा काही सुटला की मी किंचाळून शेजारच्याला घट्ट मिठी मारली. शेजारी लग्नाच्या दारात ठेवायची हात जोडलेली बाई होती, प्लास्टरची. तिचा एक हात माझ्या हातात आला!

मला वाटलं, संपलं. पाचच्या एस्टीनं परत सेनगाव. रशीदचाचा आले, त्यांनी हात बघितला, बाई बघितली, पुन्हा हात बघितला.

"शंकर, हा हात जरा वर करून चिटकव."

"काहून चाचा?"

"नमस्कार तर गेला. आता टाटा करंल!"

ती बाई आजही लग्नात जाते. फक्त तिला आत यायच्या दारात न ठेवता बाहेर जायच्या दारात उभी करतात.

*

त्यानंतर वर्कशॉपात एक रीतच पडली. कुणी नियम केला नाही, कुणी मला काही बोललंही नाही. पण हातोडा मारायच्या आधी, मशीन लावायच्या आधी, पत्रा आपटायच्या आधी शंकरदादा मोठ्यानं ओरडायचे, "पोरी, आवाज!" मग मी कानावर हात ठेवायची आणि ते काम करायचे. दिवसातून कितीदा, देव जाणे.

एकदा शंकरदादा सकाळी तोंड पाडून आले.

"चाचा, घरी तमाशा झाला. शिंक यायच्या आधी मी 'आवाज!' म्हणून ओरडलो."

"मग?"

"बायको म्हनली, शिंक मलाबी ऐकू येते, नोटीस काहून देऊन राहिले?"

*

मग एक दिवस विमान आलं. म्हणजे त्याचा फोटो आला.

फोटो घेऊन आले ते सार्जंटकाका. हवाई दलातून कधीच रिटायर झालेले. पायलट वगैरे नाही, जमिनीवरचा माणूस. विमान उडायच्या आधी आणि उतरल्यावर ज्यांच्या हाताखालून जातं, त्यातले. शिस्त मात्र अशी की त्यांच्या शर्टाची घडी बघून मीच ताठ बसायची. गावाकडच्या शाळेच्या मैदानावर त्यांना खऱ्या मापाचं कॅनबेरा बॉम्बर उभं करायचं होतं. अख्खं नाही, नाकापासून दोन्ही इंजिनांपर्यंतचा पुढचा भाग. एकाहत्तरच्या युद्धात त्यांनी सांभाळलेलं विमान. पोरांना आत जाऊन बसता आलं पाहिजे, ही अट.

रशीदचाचांनी ड्रॉइंग माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "बेटा, आतापर्यंत तू ट्रायलवर. हे विमान बराबर झालं, सार्जंटसाहेबांनी चूक काढली न्हाई, तर तू कायमची."

घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "हे विमान करून घे. न्हाई जमलं तर निमूट घरी यायचं. रोज दचकून दचकून किती वाळलीस!"

म्हणजे माझी नोकरी आता दोन इंजिनांवर लटकली होती.

*

त्यातल्या एका इंजिनाला शंकरदादांनी पंखा लावला. कूलरचा!

मी दुपारी डबा खाऊन येते तर चांगला फिरतोय. मागोमाग सार्जंटकाका आले.

"हे काय आहे?"

"पंखा," शंकरदादा कौतुकानं म्हणाले. "दुसऱ्यालाबी लावतो. बटन दाबलं की पोरायला हवा!"

"अहो, जेट विमान आहे ते! जेटला बाहेर पंखा नसतो."

"मग उडतं कसं?"

काकांनी खडू घेतला आणि फळीवर इंजिन काढलं. पुढून हवा ओढून घ्यायची, आत दाबायची, त्यात इंधन जाळायचं, मागून जोरात बाहेर फेकायची, की विमान पुढे. विमानाच्या दोन पंखांत अशी दोन इंजिनं. बराच वेळ समजावलं. शंकरदादांनी मन लावून ऐकलं.

"म्हंजे एक्झॉस्ट फॅन!"

काका खडू ठेवून स्टुलावर बसले. म्हणाले, "व्हय. तसंच समजा."

*

शेपटीकडे तोंड करून एक बंदूक बसवायची, अशी रशीदचाचांची फार इच्छा होती. "मागून कुणी आलं तर?"

सार्जंटकाका म्हणाले, "याला तशी बंदूकच न्हाई. बनवणाऱ्यानं विचार केला, वजन कशाला वाढवायचं? इतक्या उंचीवरून, इतक्या वेगानं जायचं की कुणी गाठूच नये. इकडून गेलं, बॉम्ब टाकला, निघालं."

"म्हंजे मारायचं आन् पळायचं!" शंकरदादा हसले.

काका हसले नाहीत. "बॉम्ब टाकून माणूस माघारी येतो, त्याला पळणं न्हाई म्हणत. आमी धावपट्टीच्या कडेला उभं राहायचो. हातातला चहा थंड व्हायचा, कुणी घोट घ्यायचं न्हाई. लांबून दोन इंजिनांचा आवाज आला की मग प्यायचा. थंडच."

शंकरदादांनी रंधा खाली ठेवला. मग आत गेले आणि चहा घेऊन आले. गरम. काकांच्या हातात कप देऊन म्हणाले, "हा पिऊन टाका आधी."

*

हे इंजिन सुरू कसं करायचे, हे तर विचारूच नका. चावी नाही, धक्का नाही. बंदुकीला असतं तसं, पण मोठं काडतूस इंजिनात घालायचं आणि उडवायचं. धाड! काळा धूर! आणि त्या जोरावर इंजिन फिरायला लागायचं.

"दाखवू का कसा आवाज यायचा?" असं म्हणून काकांनी रिकामा ड्रम पुढे ओढला आणि लाकडाची फळी उचलली. रीतीप्रमाणे "पोरी, आवाज!" म्हणालेसुद्धा, तेवढे पक्के होते.

आणि हाणली!

रशीदचाचांच्या हातातला मोबाईल रंगाच्या डब्यात गेला. शंकरदादांनी तोंडात धरलेले खिळे थुंकले. रस्त्यावरून जाणारा एक टेम्पो टायर बघायला थांबला.

सगळे दचकले, एकटी मी सोडून. मी काकांनी फळी उचलली तेव्हाच टेबलाखाली गेले होते!

*

सार्जंटकाकांना अर्धा इंचही इकडेतिकडे चालायचं नाही. पायलटची काच बरोबर मध्ये नाही, डावीकडे सरकलेली पाहिजे. बाजूचं दार उजवीकडेच पाहिजे. नाकाची काच अशी पाहिजे की पालथं पडून खालची जमीन दिसली पाहिजे. मी ड्रॉइंग बदलायची, शंकरदादा फळ्या बदलायचे, आणि कुणी माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही.

फक्त नेव्हिगेटरच्या, म्हणजे नकाशा बघून वाट सांगणाऱ्याच्या खुर्चीला वेळ कमी पडला, म्हणून शंकरदादांनी गोदामातली नवरदेवाची खुर्ची बसवली. लाल मखमल, सोनेरी सिंह!

काका आत डोकावले. बराच वेळ डोकावलेलेच राहिले.

"आमचे सायेब युद्धाला जायचे," ते म्हणाले. "वरातीला न्हाई."

*

आणि मग उद्घाटन.

पाहुणे म्हणून आले ते खुद्द साहेब. सार्जंटकाका ज्या विमानाची देखभाल करायचे, त्याच विमानाचे नेव्हिगेटर. पुण्याहून आले, काठी टेकत. समोर शाळेची पोरं, बँड, सरपंच. एका बाजूला आमचे बाबा. जीप घेऊनच आले होते. मागची सीट माझ्या गादीसाठी मोकळी ठेवली होती, म्हणजे त्यांनी निकाल लावलाच होता.

साहेबांना आत चढायला हात द्यायला आणि टॉर्च धरायला मी आत होते. ते हळूहळू नेव्हिगेटरच्या जागेवर बसले. (मखमल काढली होती!) इकडे तिकडे हात फिरवला आणि म्हणाले, "दार लावल्याशिवाय तसं वाटणार नाही." त्यांनी स्वतःच ओढून घेतलं. बाहेर काहीतरी खट्ट् वाजलं.

विमान ट्रॉलीतून आणताना दार हलू नये म्हणून शंकरदादांनी बाहेरून एक कडी बसवली होती. "उतरवलं की काढ गं," असं मला सांगितलं होतं. तेवढ्यात बँडवाल्यानं ढोलावर थाप मारली, मी दचकले, आणि कडी राहिली. आता दार ओढताच ती आपोआप पडली होती. नेमका टॉर्चही हातातून सुटून विझला.

मी ओरडले. दारावर बुक्क्या मारल्या. बाहेर बँड जोरात, पोरांच्या टाळ्या त्याहून जोरात. कुणाला काय ऐकू येणार?

"बस," साहेब शांतपणे म्हणाले. "उघडतील. घाबरलीस?"

"हो."

"मीही घाबरायचो. रोज." मग म्हणाले, "पायलटच्या सीटला स्फोट होऊन बाहेर फेकायची सोय होती. माझ्या सीटला नव्हती. काही झालं तर मी या दारातून उडी मारायची. पायलट दर वेळी निघताना म्हणायचा, तू गेल्याशिवाय मी जाणार नाही. त्याचं ऐकून मी दर वेळी नकाशा उघडायचो."

मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. बँड थांबला. मग हाका, धावपळ, आणि कडी निघाली. दारात रशीदचाचा, चेहरा पांढराफटक. त्यांच्या मागे सगळं मैदान.

साहेबांना आधी उतरवलं, मग मी उतरले. गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "पाहुण्यालाच कोंडलं की हो! दाराचं काम कुणाकडं होतं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रशीदचाचांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी साहेब बोलले.

"दार? दार अगदी बरोबर जमलंय. आमचंही असंच अडायचं."

सगळ्यांच्या माना सार्जंटकाकांकडे वळल्या. ज्या माणसानं आम्हाला अर्धा इंच सोडला नाही, त्या माणसानं ती बाहेरची कडी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. आणि टाचा जुळवून ताठ उभे राहिले.

"व्हय सायेब, अडायचं. तेल घालायचं काम माझ्याकडं होतं."