खाणाऱ्यांची यंत्रं आणि माझं एक

आमच्या ओट्यावर आज इतकी यंत्रं आहेत की पोळपाट ठेवायला जागा करावी लागते. एअर फ्रायर आहे. नवऱ्याच्या रक्तातली चरबी वाढल्याचा रिपोर्ट आला, त्याच आठवड्यात हा फ्रायर घरात आला. ज्यूसर आहे, कारण सकाळी बागेत चालायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी दुधीच्या रसाचं माहात्म्य सांगितलं. अंडी उकडायचं यंत्र मुलीने पाठवलं. ती पुण्याला नोकरी करते, व्यायाम करते, आणि सुट्टीत इथे आली की तिला सकाळी उकडलेली अंडी लागतात. एअर फ्रायरला तर नवऱ्याने बगरू छापाच्या कापडाची खोळ शिवून घेतली आहे, धूळ बसू नये म्हणून. जयपुरात धूळ बसते हे खरंच. पण ती खोळ धुवायची कोणी, हे त्या शिंप्याने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

माझा यंत्रांवर राग नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटेल बाई जुन्या वळणाची आहे. मिक्सरशिवाय माझं पान हलत नाही. विमा कंपनीतल्या नवऱ्याच्या बदल्यांमागे मी गावोगाव फिरले, तेव्हा प्रत्येक वेळी मिक्सर मी मांडीवर घेऊन आणला आहे, ट्रकवाल्याच्या भरवशावर सोडला नाही. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. आदर्श नगरातल्या या भाड्याच्या घरात एक दिवस ओटा पुसताना माझ्या लक्षात आलं की एक मिक्सर सोडला तर इथली एकूण एक यंत्रं खाणाऱ्यांसाठी घेतलेली आहेत. करणारीसाठी एकही नाही. उलट त्यातल्या प्रत्येकाने माझं काम वाढवलं. ज्यूसरची जाळी घासून बघा एकदा, म्हणजे कळेल. रस प्यायला घोटभर आणि घासायला अर्धा संसार.

गेल्या थंडीत माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. आधी थंडीमुळे असेल म्हणून दुर्लक्ष केलं. मग बरणीचं झाकण उघडेना, आणि कणीक मळताना तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी मनगट वाकवून पाहिलं, मी ओरडले, आणि त्यांनी पट्टा लिहून दिला. म्हणाले, "आटा गूंदना और कपड़े निचोड़ना बिल्कुल बंद. लंबे समय के लिए." लाटणं हलक्या हाताने चालेल म्हणाले. नवरा शेजारच्याच खुर्चीत बसून मान डोलवत होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "चला, गंभीर काही नाही निघालं. आज साध्या पोळ्याच कर गं, पराठ्यांचा घोळ नको घालूस."

मी पट्ट्याची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. तोंड उघडलं असतं तर गाडीतच भांडण झालं असतं.

पोळ्यांना बाई लावून पाहिली. ती बिचारी तिच्या सवयीने जाड, खरपूस रोट्या करायची, वर तूप चोपडून. मला आवडायच्या. नवऱ्याने चार दिवसांत तिला नको सांगितलं. घडीची मऊ पोळी लागते त्याला, आमच्या साताऱ्याकडची, पापुद्रे सुटणारी. म्हणून मी म्हटलं, कणीक मळायचं यंत्र घेऊ. फक्त तेवढंच. मळून मिळालं की लाटून, भाजून मी देते.

बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने मला नमस्कार केला आणि यंत्राबद्दल सगळं तो नवऱ्याशी बोलला. भांडं केवढं, गॅरंटी किती, मोटर कसली. मी मधेच विचारलं, पातं धुवायला निघतं का? तर माझ्याकडे बघून हसला. "भाभीजी, एक बात कहूँ? मशीन से वो स्वाद नहीं आता. हमारे घर में तो आज भी सब हाथ से ही होता है." स्वतःच्या दुकानात यंत्र विकायला बसलेला माणूस, आणि तो मला सांगतोय की यंत्र घेऊ नका! त्याच्या घरी कोणाच्या हाताने होतं, हे मी विचारणार होते. पण नवरा एवढा खूश झाला त्या उत्तरावर, जणू डॉक्टरपेक्षा वरच्या माणसाचं मत मिळालं. आम्ही ताक घुसळायची छोटी रवी घेऊन परत आलो. विजेवर चालणारी. ताक नवऱ्याला लागतं.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. इथे तर उंटही रस्त्यात दिसतात.

मुलीला फोन केला. वाटलं, शिकलेली पोर आहे, बापाला समजावेल. ती म्हणाली, "आई, घे ना, बिलकुल घे. मतलब, फक्त मी आले की तेव्हा हाताने मळशील ना? तुझ्या हाताची टेस्ट वेगळीच असते." तिच्यावर तर मी नवऱ्यापेक्षा जास्त चिडले. हाताला चव आहे, हाताला चव आहे, असं ऐकत माझं आयुष्य गेलं. सासर, माहेर, बदलीच्या गावची माणसं, सगळ्यांनी हे कौतुक केलं आणि मी वेडी, फुलून गेले. आता तो हात दुखतोय तर चवीची चौकशी सगळे करतात, हाताची कोणी करत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना फक्त पोळी कळते.

शेवटी मी ऑनलाइन मागवलं. घरात त्यासाठीचं खातं एकच, नवऱ्याच्या फोनमधलं. त्याच्या शेजारी सोफ्यावर बसून, त्याच्याच फोनवरून मागवलं. तो टीव्ही बघत होता. "बघ बाई, तुला काय वाटतं ते," एवढंच म्हणाला. यंत्र आलं तेव्हा त्याने स्वतः खोकं उघडून दिलं. थर्माकोलचे तुकडे, पिशव्या, पुठ्ठा, सगळं पुन्हा नीट खोक्यात भरून माळ्यावर ठेवलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, मनातून तयार झाला.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. पाणी एकदम ओतलं आणि लापशी झाली. दुसऱ्या दिवशी इतकं कोरडं झालं की यंत्र गुरगुरून बंद पडलं. मग हळूहळू जमलं. उन्हाळ्यात इथलं पीठ एवढं सुकं असतं की साताऱ्यापेक्षा पाणी जास्त लागतं, हे माझ्या बोटांना माहीत होतं, पण मापाच्या पेल्यात ते कधी मोजलं नव्हतं. पाणी थोडं थोडं सोडायचं, तेल शेवटी, आणि गोळा भांड्याच्या कडा सोडायला लागला की बंद करायचं. मग झाकून ठेवायचं. पोळ्या चांगल्या होत होत्या. अगदी हाताच्या कणकेसारख्या नाही, पण मऊ. पहिल्यांदा मी कणीक झाकून बाहेर येऊन बसले आणि मनगटात कळ नव्हती. मी चक्क रडले. नवरा रोज जेवत होता, काही बोलत नव्हता. मी समजले, आवडतंय.

मग एका दुपारी बेल वाजली. मी कणीक मळायला लावून दारात गेले. पाठीवर मोठी पिशवी असलेला माणूस उभा होता.

"रिटर्न पिकअप है, मैडम. आटा गूंदने की मशीन."

मी म्हटलं, "भैया, ग़लत घर आ गए."

त्याने फोनमध्ये पाहून यांचं नाव वाचलं, पत्ता वाचला. दोन्ही बरोबर. "सर ने डाला है. कारण लिखा है, अब ज़रूरत नहीं है."

पट्टा बांधलेला माझा हात दाराच्या कडीवर होता. आत यंत्र चालू होतं, त्याचा आवाज त्यालाही ऐकू येत होता. त्याने एकदा आत पाहिलं, एकदा माझ्या हाताकडे.

"चल रही है अभी?" त्याने विचारलं.

"हाँ. और चलेगी. वापस नहीं करनी."

"तो सर से बोलिए कैंसल कर दें, नहीं तो मुझे कल फिर भेजेंगे," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. माळ्यावरचं ते खोकं, त्या नीट घडी घातलेल्या पिशव्या, आता मला त्या टापटिपीचा अर्थ कळला. यंत्र घरात आलं त्या दिवसापासून त्याच्या जाण्याची तयारी करून ठेवलेली होती.

नवरा ऑफिसातून आला तेव्हा मी यंत्र जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं होतं.

"अहो, हे परत का पाठवत होतात?"

तो चपापला नाही. बूट काढत म्हणाला, "अगं, परत करायची मुदत संपत आली होती. एकदा गेली की अडकलो असतो."

"मी रोज वापरतेय ते."

"वापरतेस गं. पण खरं सांगू? त्या पोळ्या मला घशाखाली उतरत नाहीत. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मला वाईट वाटू नये म्हणून न बोलता परत पाठवत होता! मी स्वतःला आवरलं. म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्यासमोरच म्हणाले ना? ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं की. उजव्यावर ताण द्यायचा नाही." मग त्याने माझ्या दोन्ही हातांकडे नीट पाहिलं, बऱ्याच दिवसांनी असं पाहिलं असेल. "पण डावा तर बरा आहे ना तुझा?"

हे तो टोमणा म्हणून बोलला नाही. चेष्टेनेही नाही. एखादी अडचण सोडवून द्यावी तशा सुरात, मदत म्हणून बोलला. इतके महिने मी समजत होते की माझं दुखणं याला कळलेलंच नाही. कळलं होतं. सगळं कळून, पुढचा विचार करून तो माझ्या दुसऱ्या हातापर्यंत पोचला होता. मला त्या क्षणी या माणसाचा जेवढा राग आला तेवढा सगळ्या संसारात कधी आला नव्हता, आणि तो राग मी आता आवरणार नव्हते.

मी स्वयंपाकघरात गेले. झाकलेल्या कणकेतून दोन गोळे काढले, दोन पोळ्या लाटल्या, भाजल्या. ताट वाढून टेबलावर आणलं. तो हात धुऊन येऊन बसला होता. त्याने माझ्या ताटाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"आणि माझं?"

"तुमचे तर दोन्ही हात बरे आहेत," मी म्हटलं, आणि जेवायला बसले.