दुसरा एकहार्ट

क्राम्बाखचं फुटबॉलचं मैदान मी एकोणीस वर्षं राखलं. विसाव्या वर्षी आमचा क्लब तिसऱ्या लीगमध्ये चढला आणि त्याच उन्हाळ्यात एकहार्ट वेंड्रिश आला. माझंही नाव एकहार्ट, एकहार्ट लोझे. क्लबचे कपडे धुणाऱ्या इर्मट्राउटनं पहिल्याच आठवड्यात घोटाळा मिटवला. तो नुसता एकहार्ट आणि मी म्हातारा एकहार्ट. आमच्या वयात तीन वर्षांचं अंतर होतं.

चौथ्या पायरीवर असताना मैदानाचं कुणाला फारसं पडलेलं नसे. बर्फ पडला की सामना पुढं ढकलायचे. तिसऱ्या लीगला परवाना लागतो, आणि परवान्याच्या कागदात लिहिलेलं असतं की गवताखाली गरम पाण्याच्या नळ्या हव्यात. नळ्या बसल्या. त्या चालवायच्या कशा, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. वेंड्रिशनं वरच्या लीगमधल्या एका क्लबात अशा नळ्यांवर अकरा वर्षं काढली होती. त्याच्याकडे प्रमाणपत्र होतं. माझ्याकडे सरकलेले दोन मणके होते. तो मुख्य झाला आणि मी त्याच्या हाताखाली गेलो.

मी त्याचे दोष शोधले. नेटानं शोधले.

तो दफनभूमीच्या माळ्याचा मुलगा. तिथंच काम शिकला. त्याच्याकडे एकच विनोद होता. मेलेले तक्रार करत नाहीत, त्यांच्या बायका करतात, असं तो म्हणायचा आणि स्वतः हसायचा नाही. लग्न केलं नव्हतं. रेल्वे यार्डामागं विधवा बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायचा. दुपारी पावावर लिव्हरचं सॉसेज फासून उभ्यानंच खायचा, गवताकडे बघत. सकाळी बूट काढून नुसत्या मोज्यांवर सगळं मैदान चालायचा. मी इर्मट्राउटला म्हणालो की नवे साहेब नाचाचा सराव करतात. ती हसली. मग ऑक्टोबरात एकदा तो मधल्या वर्तुळाजवळ थांबला आणि म्हणाला, इथं नळी बंद आहे. खणलं, तर खरंच बंद होती. पायाला गार लागलं म्हणून कळलं, म्हणाला. त्या शनिवारी घरी कुणी नसताना मी मोज्यांवर अंगणात चालून पाहिलं. मला काही कळलं नाही.

गवत तो पंचवीस मिलिमीटरवर कापायचा. मी तीसवर कापायचो. त्याचं जास्त चांगलं दिसायचं. खेळाडू येता-जाता त्याच्या खांद्यावर थाप मारायचे. माझ्या खांद्यावर एकोणीस वर्षांत पावसाशिवाय काही पडलं नव्हतं.

पहिल्याच मोसमात फेब्रुवारीतला एक सामना आला. तिसऱ्या लीगमध्ये वीस संघ असतात. वरचे दोन थेट चढतात, तिसऱ्याला वरच्या लीगमधल्या शेवटून तिसऱ्याशी खेळून जागा मिळवावी लागते, आणि खालचे चार पडतात. आम्ही त्या चारांच्या उंबरठ्यावर होतो. समोरच्या संघाच्या चौघांना पाचवं पिवळं कार्ड मिळालं होतं, म्हणजे एक सामना बाहेर. आमचा सामना पुढं गेला असता तर ते चौघं ती शिक्षा दुसऱ्या कुणाविरुद्ध भोगून आमच्यासमोर ताजेतवाने उभे राहिले असते. म्हणून तो त्याच शनिवारी दोन वाजता व्हायला हवा होता. अकराला पंच येऊन मैदान बघणार होता.

आठवडाभर बर्फ पडला होता. नळ्यांनी तो वितळवला, पण उत्तरेच्या गोलसमोर पाणी साचलं. वेंड्रिश सकाळी सातपासून चार दातांच्या काट्यानं भोकं पाडत होता. पाणी हलत नव्हतं.

ते का हलत नाही, हे मला माहीत होतं. जाहिरातीच्या फळ्यांमागं एक निचऱ्याचं झाकण आहे. ते मीच बसवलं होतं. नळ्या टाकणाऱ्यांनी त्यावर माती लोटली आणि नव्या नकाशात ते आलंच नाही. झाकण उघडून आतला गाळ काढला की पाणी उतरणार होतं.

मी एक शब्द बोललो नाही. त्याच्या शेजारी उभा राहून मीही भोकं पाडत होतो. मला पंच यायला हवा होता. त्यानं चिखलात बूट दाबावा, मान हलवावी, आणि सगळ्यांनी वेंड्रिशकडे बघावं. एकदाच. असा एक तास गेला.

मग वेंड्रिशनं काटा बाजूला ठेवला, बादली आणली, गुडघ्यांवर बसला आणि स्पंजनं पाणी टिपायला लागला. सात हजार चौरस मीटरचं मैदान, आणि हा माणूस स्पंज पिळतोय. तो चिडलेला नव्हता. घाईतही नव्हता. एक बादली भरली, ओतली, दुसरी घेतली. मी आयुष्यात पुष्कळ काही सहन केलंय, पण वाया जाणारे कष्ट मला बघवत नाहीत. तो आणखी बादल्या आणायला छपरीत गेला तेव्हा मी फळीमागं उतरलो, झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात घालून गाळ उपसला. तो परतला तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. तो ते बघत उभा राहिला.

अकराला पंचानं चारही कोपऱ्यांत चेंडू घरंगळवला. चेंडू घरंगळला. सामना झाला, आणि आम्ही दोन-एकनं जिंकलो.

आमच्याकडे खेळाडूंची ओळख करून देताना निवेदक फक्त पहिलं नाव घेतो. आडनाव प्रेक्षक ओरडतात. मैदान राखणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. त्या दिवशी आमच्या निवेदकानं, थीलोनं, सामना संपल्यावर ते घेतलं. ज्याच्यामुळे आज खेळ झाला तो आपला एकहार्ट, म्हणाला, आणि थांबला. चार हजार लोक ओरडले, "वेंड्रिश!"

झाकणाचं सांगितलं असतं तर त्याआधी गप्प काढलेल्या तासाचंही सांगावं लागलं असतं.

पुढं ती सवयच पडून गेली. वेंड्रिश काटा घेऊन मैदानात उतरला की उभं राहून सामना बघणाऱ्यांच्या कठड्यावरची पोरं तेच ओरडायची. तो हात वर करायचा. माझ्या पोटात दुखायचं, आणि ते सॉसेजमुळे नव्हतं.

मे महिन्यात मी निवृत्त झालो. शेवटचा घरचा सामना एका बड्या क्लबच्या दुसऱ्या फळीशी होता. अशा संघांना वर चढायची परवानगीच नाही, त्यामुळे ते बिनधास्त खेळतात आणि आमच्यासारख्यांना बुडवतात. वाचायला आम्हाला एक गुण हवा होता. सामन्याआधी मला मैदानात बोलावून फुलं द्यायची असं ठरलं. मी थीलोकडे गेलो आणि म्हणालो, माझं पूर्ण नाव घे.

"पूर्ण कसं घेऊ?" तो म्हणाला. "पहिलं नाव माझं, आडनाव लोकांचं. तेच तर मजेचं आहे, म्हाताऱ्या. वीस वर्षं जपणारा, असं मी म्हणेन. त्यांना कळेल."

इर्मट्राउटनं माझ्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, रडलास तर धुवायला माझ्याकडे टाकू नकोस.

मी मधल्या वर्तुळात उभा राहिलो. थीलो म्हणाला, वीस वर्षं या गवताला जपणारा आपला एकहार्ट.

"वेंड्रिश!"

प्रेमानं ओरडले. टाळ्याही वाजवल्या. चूक कुणाच्या लक्षातही आली नाही, जिभेला जे वळण पडलं होतं तेच बाहेर आलं. चार हजार लोक ओरडल्यावर कुणीतरी उत्तर द्यायला हवं. मी हात वर केला. वेंड्रिश बोगद्याच्या तोंडाशी उभा होता. त्यानं खाली बघितलं.

सामना शून्य-शून्य सुटला आणि आम्ही वाचलो.

मंगळवारी तो माझ्या घरी आला. पहिल्यांदाच. बगलेत मैदानाचा नकाशा. म्हणाला, निचऱ्याची जुनी झाकणं कुठं आहेत ते दाखव, आता विचारायला तू नसशील. मी कॉफी केली, पेन्सिल घेतली आणि पाच ठिकाणी फुल्या मारल्या. झाकणं सहा आहेत. सहावं दाखवायचं म्हणजे ते मला ठाऊक होतं असं कबूल करायचं.

त्यानं फुल्या मोजल्या.

"उत्तरेचं राहिलं," तो म्हणाला.

मी कॉफी ढवळत राहिलो. कधीपासून माहीत आहे, विचारलं.

"त्याच दिवसापासून. तुझी बाही कोपरापर्यंत काळी होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलला नाहीस." मग तो म्हणाला, "लोक ओरडले तेव्हा मी थांबवायला हवं होतं. थीलोला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सव्वीस वर्षांत माझं नाव कधी कुणी ओरडलं नव्हतं. बरं वाटलं मला."

मी उत्तरेच्या कोपऱ्यात फुली मारली आणि शेजारी खोली लिहिली, पंचाऐंशी सेंटिमीटर. नकाशा त्याच्याकडे सरकवला. तो घडी घालून उठायला लागला.

"बस," मी म्हणालो. "किती बरं वाटलं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करत नाही हे त्याला समजलं.

"खूप," तो म्हणाला.

मला सगळं ऐकायचं होतं. आवाज आधी कुठल्या कठड्यावरून येतो, कानांत भरतो की छातीत, आणि हात आपोआप वर जातो की उचलावा लागतो. तो बसला आणि एकेक आठवून सांगायला लागला. मी त्याच्या कपात पुन्हा कॉफी ओतली.