वाणाची पिशवी

समोरच्या सुमनवहिनी भाजी घेऊन जिना चढत होत्या. हातात निळी कापडी पिशवी, तिच्यातून डोकावणारी मेथी आणि पिशवीवर एका परदेशी कंपनीचं ठळक नाव. ती मीच दिलेली. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मी अशाच पिशव्या लुटल्या.

माझी मुलगी परदेशात शिकते. तिच्या विद्यापीठात नोकऱ्यांचा मेळावा भरतो. टेबलामागची माणसं हसून हात मिळवतात, कौतुकानं अभ्यासाचं विचारतात. मग ती सांगते, की नोकरी दिलीत तर माझा व्हिसाही तुम्हालाच करावा लागेल. “अच्छा! आमची वेबसाइट बघत राहा,” म्हणतात आणि हातात पिशवी ठेवतात. विद्यापीठात प्रवेश देताना मात्र याच भारतीय पासपोर्टचं केवढं स्वागत झालं होतं! सुट्टीत आली तेव्हा तिची निम्मी बॅग या पिशव्यांनीच भरलेली होती.

तिळगूळ घ्या, गोड बोला, असं आपण वर्षातून एकदा म्हणतो. तिथं बारा महिने गोडच बोलतात. तोंडावर ‘नाही’ म्हणणारं माणूस मला हल्ली देवासारखं वाटतं.

“पिशवी फार मजबूत आहे हो,” सुमनवहिनी जिन्यात थांबून म्हणाल्या. “लेकीच्याच कंपनीची ना?”

“हो,” मी म्हणाले, आणि त्या टेबलामागच्या माणसांसारखी गोड हसले.